नागपूर केंद्र लाव

त्रिमूर्तीनगरातला एक फ्लॅट. सकाळचे सात वाजायला आलेत. ओट्यावर पोह्यांसाठी कांदा चिरता चिरता सत्तरी ओलांडलेल्या काकू मान न वळवता म्हणतात, “अलेक्सा, ऑल इंडिया रेडिओ नागपूर लगाओ.” फ्रिजवरच्या गोल डब्याच्या कडेने निळा उजेड फिरतो. क्षणभर काहीच होत नाही. मग स्वयंपाकघरात मराठी निवेदन सुरू होतं. काकूंचे हात कांद्याचे, नंतर पिठाचे. त्यांना ना फोनला हात लावावा लागतो, ना चष्मा शोधावा लागतो.

“हिंदीत का सांगता?” असं विचारलं तर त्या म्हणाल्या, “ती ऐकून तर राहिली आहे ना, पण मराठी कळत नाही तिला. मग काय करता?”

या अंकाचा विषय संपादकांनी ‘घरातले आवाज’ असा दिला, तेव्हा मला आधी रेडिओच आठवला. नागपूरच्या मध्यमवर्गीय घरांत तो आता कसा ऐकला जातो, ते पाहायला मी धरमपेठ, महाल, त्रिमूर्तीनगर, सीताबर्डी अशी फिरले. माळ्यावर गेलेला रेडिओ बऱ्याच घरांत परत आलाय. त्याला काटा नाही, एरियल नाही, सेल नाहीत. त्याला नुसतं सांगायचं असतं. मात्र त्याने आपलं नेमकं म्हणणं ऐकावं यासाठी केवढी यंत्रणा पाठीशी उभी राहावी लागते, आणि त्यात आपली भाषा नि आपलं केंद्र कुठे बसतं, हे समजून घ्यायला मला बराच वेळ लागला.

काट्याच्या जागी नाव

जुन्या रेडिओवर केंद्र सापडायचं ते जागेवर. काचेमागचा काटा सरकवत न्यायचा, खरखर ओलांडायची आणि आवाज स्वच्छ झाला की हात थांबवायचा. नागपूर केंद्र मीडियम वेव्हवर 585 किलोहर्ट्झला लागतं. हा आकडा पाठ नसला तरी हाताला जागा माहीत असे. बोलत्या स्पीकरवर अशी जागाच नाही. तिथे केंद्र सापडतं ते नावाने.

स्पीकरच्या आत बारीक मायक्रोफोन असतात. 2014 साली अमेरिकेत आलेल्या पहिल्या अ‍ॅमेझॉन इकोत ते सात होते. खोलीच्या कुठल्या कोपऱ्यातून हाक आली, हे त्यांच्यामुळे कळतं. डबा एरवी फक्त स्वतःच्या नावाकडे कान लावून असतो. ते नाव उच्चारलं की निळा उजेड लागतो आणि पुढचं वाक्य इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरकडे जातं. तिथे आवाजाचे शब्द होतात आणि शब्दांवरून मागणी ओळखली जाते. गाणं हवंय, गजर लावायचाय की रेडिओ? रेडिओ असेल तर ते नाव केंद्रांच्या यादीत शोधलं जातं. ट्यूनइनसारख्या अशा याद्यांमध्ये जगभरची हजारो केंद्रं असतात. नाव जुळलं की त्या केंद्राच्या प्रवाहाचा पत्ता स्पीकरला मिळतो आणि स्पीकर थेट त्या पत्त्यावरून आवाज खेचू लागतो. हे सगळं काही सेकंदांत घडतं.

गोंधळ होतो तो नावात. धरमपेठेतल्या एका घरात आजोबा रोज ‘विविध भारती’ मागत. कधी विविध भारती लागे, कधी त्या शब्दांशी मिळतंजुळतं एखादं गाणं. नुसतं ‘नागपूर’ म्हटलं तर हवामान ऐकू येई. “सकाळी सकाळी याच्याशी भांडण कोण करन?” म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं होतं. नातीने वेगवेगळी वाक्यं म्हणून पाहिली. जे हमखास चाललं ते जाड मार्करने कागदावर लिहून तिने स्पीकरशेजारच्या भिंतीला चिकटवलं. कागदावर तीन ओळी आहेत. एक नागपूर केंद्रासाठी, एक विविध भारतीसाठी आणि तिसरी ‘अलेक्सा, बंद करो’. तिसऱ्या ओळीखाली दोन रेघा मारल्यात.

दुसऱ्या एका घरात मुलाने अ‍ॅपमध्ये ‘रूटीन’ बसवून दिलंय. त्यात आपलं एखादं सोपं वाक्य नोंदवता येतं आणि त्यामागे लांबलचक हुकूम जोडता येतो. आई ‘सुबह हो गई’ म्हणते आणि ठरलेलं केंद्र ठरलेल्या आवाजात लागतं. ज्यांना दिसत नाही, ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना फोनवरची बारीक चित्रं दाबता येत नाहीत, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. ती बसवून देण्यात तरुण माणसाचा अर्धा तास जातो. आई-वडिलांना स्पीकर भेट देणाऱ्यांनी तेवढा वेळ काढायला हवा.

घरात सतत कान उघडा ठेवून बसलेली वस्तू आणताना माहीत असाव्यात अशाही काही गोष्टी आहेत. मायक्रोफोन बंद करायचं बटण स्पीकरवरच असतं. ते दाबलं की लाल दिवा लागतो. साठवलेली बोलणी अ‍ॅपमध्ये जाऊन ऐकता येतात आणि पुसताही येतात. मी गेले त्या घरांत ज्येष्ठांना हे बहुधा कुणी सांगितलेलं नव्हतं.

स्टुडिओपासून ओट्यापर्यंत

महालातल्या एका जुन्या घरात आम्ही ट्रान्झिस्टर आणि स्पीकर एका टेबलावर ठेवले. दोन्हींवर नागपूर केंद्र लावलं आणि बातम्यांची वाट पाहिली. ट्रान्झिस्टरवर निवेदिकेने पहिलं वाक्य म्हटलं. ती तिसऱ्या बातमीकडे वळत होती, तेव्हा स्पीकरमधून तिचंच पहिलं वाक्य आलं. घरातला शाळकरी मुलगा खाली वाकून दोन्हींना कान लावून बसला होता. तो म्हणाला, “ही मागून येऊन राहिली!”

ती मागून का येते, हे समजलं की इंटरनेट रेडिओ समजतो. ट्रान्झिस्टरपर्यंत आवाज लहरींवरून प्रकाशाच्या वेगाने येतो. इंटरनेटवर जाणारा आवाज आधी एन्कोडरमध्ये शिरतो. तिथे त्याचे आकडे होतात आणि कानाला न जाणवणारे बारकावे गाळून ते दाबून लहान केले जातात. मग काही सेकंदांचे तुकडे पाडून ते सर्व्हरवर ठेवतात. स्पीकर ते एकामागून एक उचलतो, पण लगेच वाजवत नाही. वाटेत नेट अडखळलं तर आवाज तुटू नये म्हणून दोन-चार तुकडे हाताशी ठेवतो. बराचसा उशीर त्या शिलकीचा. बातमीला अर्धा मिनिट मागेपुढे चालून जातं, पण अशा प्रवाहावरच्या वेळेच्या ठोक्यांवर घड्याळ लावलं तर ते मागे पडणार.

खर्च मात्र वाटतो तेवढा होत नाही. प्रवाह 64 किलोबिटचा धरला तर तासाला साधारण 29 एमबी डेटा लागतो. रोज तीन तास रेडिओ ऐकला तरी 90 एमबीच्या आतच. पैशांचं फारसं अडत नाही. अडतं ते राउटरला वीज नसली की. मे महिन्यात दुपारी लाइट गेले की पंखा, वायफाय आणि रेडिओ हे तिन्ही एकदमच थांबतात. म्हणून महालातल्या त्या घराने ट्रान्झिस्टर काढून टाकलेला नाही.

आधी लहरींवर असलेलं केंद्र इंटरनेटवर नेण्याचा मान अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थी केंद्राला दिला जातो. ते 1994 सालच्या नोव्हेंबरमध्ये इंटरनेटवर गेलं. आज प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ अ‍ॅपवर आकाशवाणीच्या 240 हून अधिक सेवा ऐकता येतात. 2019 सालच्या फेब्रुवारीत आकाशवाणी अलेक्सावरही आली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात सुरू झालेल्या प्रसार भारतीच्या ‘वेव्ह्ज’ या ओटीटी मंचावर दूरदर्शनच्या सोबतीने रेडिओही आला. एकेकाळी ज्या केंद्राचा आवाज सूर्य मावळल्यावरच दूरवर पोचायचा, ते केंद्र आता भरदुपारी मस्कतमध्येही तितकंच स्वच्छ लागतं.

सिव्हिल लाइन्समधलं केंद्र

सिव्हिल लाइन्समध्ये झाडांच्या सावलीत आकाशवाणी नागपूरची इमारत आहे. 16 जुलै 1948 रोजी हे केंद्र सुरू झालं. माहिती आणि प्रसारण खातं तेव्हा सरदार पटेलांकडे होतं. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी, त्या प्रांतात हिंदी आणि मराठी दोन्ही भाषा चालत. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात. राजधानीचा मान गेला, पण दोन भाषांत वावरायची सवय शहराच्या अंगात राहिली. आज ती स्पीकरशी बोलताना कामी येते.

काय ऐकायचं हे श्रोत्यानेच ठरवायचं, यासाठीची ओढाताण जुनी आहे. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. ते पुण्याचे आणि शास्त्रीय संगीताचे कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी डिसेंबरात अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला तिथे सुरू झाली आणि घराघरांत बुधवारची संध्याकाळ राखून ठेवली जाऊ लागली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्याच्या हातात काटा होता म्हणून सरकारला माघार घ्यावी लागली, ही गोष्ट विसरू नये. आता काट्याच्या जागी यादी आली आहे, आणि ती दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे.

देशाच्या रेडिओत नागपूरचं आणखीही एक स्थान होतं. 18 मे 1988 रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. ती देशभर पोचे ती नागपूरजवळच्या 1000 किलोवॉटच्या ट्रान्समीटरवरून, 1566 किलोहर्ट्झला. मीडियम वेव्ह दिवसा जमिनीलगत चालते. अंधार पडला की ती वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर पलीकडे उतरते. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून रात्रभर चालणाऱ्या या वाहिनीसाठी हीच जागा निवडली गेली. ट्रकचालक, रात्रपाळीचे कामगार, राखणदार आणि झोप न येणारे आजारी लोक तिचे श्रोते होते. डिसेंबर 2018 मध्ये ती वाहिनी बंद करण्याचा निर्णय झाला. भारताच्या मधोमध उभा राहून रात्रभर बोलणारा आवाज त्या निर्णयाने गेला. इंटरनेटने त्याची जागा भरून काढली असं म्हणणं सोपं आहे, पण राखणदाराच्या खिशातल्या फोनवरचा डेटा दिवसाच संपलेला असतो.

सीताबर्डीच्या दुकानात

सीताबर्डीच्या मेन रोडवरून आत वळलं की इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकानं लागतात. समोरच्या काचेत बोलते स्पीकर मांडलेले, आणि एका दुकानाच्या मागच्या बाजूला जुने रेडिओ दुरुस्त करणारे भाऊ. त्यांच्या टेबलावर जुन्या रेडिओचं लाकडी खोकं, दोन-तीन ट्रान्झिस्टर, सोल्डरिंग गन, आणि चहाच्या ग्लासात उभे केलेले बारीक पेचकस.

त्यांच्याकडे येणारी नेहमीची तक्रार म्हणजे “रेडिओ खराब झाला, नुसता खरखरतो.” ते रेडिओ दुकानाबाहेर फुटपाथवर नेतात आणि तिथे लावून दाखवतात. खरखर कमी होते, केंद्र लागतं. “रेडिओ बरा आहे ताई, घर बिघडलं आहे,” ते म्हणाले. याचं कारणही त्यांनी समजावून सांगितलं. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर या सगळ्यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. त्यातून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो तो नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यात येऊन बसतो. भरीला सळ्यांच्या जाळीचे सिमेंटचे स्लॅब. आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये 300 किलोवॉटचं केंद्रही खोकल्यासारखं ऐकू येतं ते यामुळे.

मुलं आई-वडिलांसाठी स्पीकर घेतात त्यामागे हेही आहे. नागपूर केंद्राच्या प्रसारणात बिघाड नाही. गोंगाट आपणच घरात आणून ठेवला आहे. इंटरनेटवरून आलेल्या आवाजाला त्याची बाधा होत नाही. एफएमला तो त्रास कमी, पण खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. नुसत्या आवाजावर बातम्या हव्या असणारा श्रोता फिरून आकाशवाणीकडेच येतो.

लांबचं नागपूर

मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा थेट अमेरिकेला, आणि आई-वडील इथे, अशी घरं नागपुरात गल्लोगल्ली आहेत. स्पीकर बसवून देणारी मुलं परत गेल्यावर तिथे स्वतःही नागपूर लावतात, हे मला बोलता बोलता कळलं. शिकागोत राहणारी एक मुलगी फोनवर सांगत होती, “नागपूरला सकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात आमच्याकडे रात्रीचे साडेआठ. मी भांडी आवरताना तेच लावते. आई तिकडे पोहे करत असते. दोघींना एकच ऐकू येतं.” दोघींच्या स्पीकरमध्ये काही सेकंदांचं अंतर असेल. त्याचं त्यांना काही नाही.

गाणी कुठेही मिळतात. दूरचा माणूस आपल्या गावाच्या केंद्राकडे येतो तो बाकीच्या गोष्टींसाठी. आज नागपुरात किती ऊन आहे, संत्र्याला काय भाव मिळाला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर केवढी गर्दी लोटली, हिवाळी अधिवेशनामुळे कुठले रस्ते बंद आहेत. शेतकऱ्याशी बोलताना निवेदक वऱ्हाडीत सहज उतरतो, तोही आवाज दूरच्या माणसाला हवा असतो. यंत्राने निवडून दिलेल्या गाण्यांच्या यादीत यातलं काहीच नसतं. स्थानिक केंद्राने स्थानिक बोलणं कमी करून दुसऱ्या केंद्रांचे कार्यक्रम पुढे वाजवायला सुरुवात केली, तर त्याला नावाने हाक मारून लावायचं कारणच उरत नाही.

मराठीत हाक

भारतात अलेक्सा 2017 साली आली. हिंदीत बोलू लागली ती 2019 सालच्या सप्टेंबरात. गुगल असिस्टंट फोनवर 2018 सालीच मराठी शिकला. घरातल्या स्पीकरला मात्र अजून हिंदीत किंवा इंग्रजीतच सांगावं लागतं. त्रिमूर्तीनगरातल्या काकूंना त्याचं काही वाटत नाही, कारण त्या नागपूरच्या आहेत. साताऱ्याच्या किंवा मालवणच्या त्यांच्याच वयाच्या बाईंचं तसं नाही. मराठी केंद्र ऐकायला तिने आधी दुसऱ्या भाषेत वाक्य जुळवायचं, हे मला मान्य नाही. रेडिओ ही अक्षरओळख नसलेल्यालाही खुली असलेली गोष्ट होती. काटा फिरवायला कुठलीच भाषा लागत नव्हती.

यंत्राला मराठी समजवायची तर त्याला मराठी बोलणं ऐकवावं लागतं. खूप लोकांचं, खूप तऱ्हांचं. त्यासाठी काम सुरू आहे. केंद्र सरकारचं भाषिणी अभियान 2022 सालापासून भारतीय भाषांसाठी अशी साधनं उभारतं आहे. आयआयटी मद्रासचं एआय4भारत आवाजाचा साठा खुला करतं आहे. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात मराठी आहे आणि तिथे कुणालाही वाक्यं वाचून स्वतःचा आवाज देता येतो. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जातून मिळणारं बळ ग्रंथांइतकंच बोलीच्या ध्वनिमुद्रणांकडे जावं, असं मला मनापासून वाटतं. ‘करून राहिलो’, ‘काहून’, ‘पाह्यजे’ हे ज्या यंत्राला कळत नाही, त्याला मराठी येते असं म्हणता येणार नाही. नागपूर, अमरावती, चंद्रपूरच्या महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी घरातल्या आजी-आजोबांचं बोलणं, त्यांची परवानगी घेऊन, अशा खुल्या साठ्यांत जमा करायचा उपक्रम घेतला, तर पुढची यंत्रं वऱ्हाडी कानाची होतील.

आकाशवाणीकडेही काही मागणं आहे. प्रवाहाचा पत्ता बदलला की यादीतलं नाव नुसतं नाव राहतं, आणि श्रोत्याला वाटतं केंद्रच बंद पडलं. मे 2023 पासून प्रसार भारतीने ‘ऑल इंडिया रेडिओ’ऐवजी ‘आकाशवाणी’ हेच नाव वापरायचं ठरवलं. बदल चांगला आहे, पण भिंतीवरच्या कागदावरचं जुनं वाक्यही चालत राहिलं पाहिजे. ‘आकाशवाणी नागपूर’, ‘नागपूर केंद्र’, ‘ऑल इंडिया रेडिओ नागपूर’ यांतलं काहीही म्हटलं तरी तेच केंद्र लागावं, आणि प्रत्येक यादीत ते तसं लागतंय की नाही हे पाहण्याचं काम कुणा एका माणसाच्या नावे असावं. ट्रान्समीटरवर रात्रंदिवस लक्ष ठेवणारे अभियंते असतात. प्रवाहालाही तेवढंच लक्ष लागतं.

आणि ट्रान्समीटरही राहिला पाहिजे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. वीज आणि मोबाइलचे मनोरेही अशा वेळी भरवशाचे राहत नाहीत. बोलता स्पीकर तिथे मुका. दोन सेलांवर चालणारा ट्रान्झिस्टर मात्र मीडियम वेव्ह पकडून पुराची सूचना सांगू शकतो. शहरातल्या फ्लॅटसाठी इंटरनेटचा प्रवाह आणि जंगलातल्या पाड्यासाठी लहरी, या दोन्ही वाटा एकाच केंद्राच्या आहेत. एकीचा खर्च वाचवायला दुसरीचं कारण पुढे करणं म्हणजे श्रोत्यांमध्ये आवडते-नावडते ठरवणं होय. सार्वजनिक प्रसारण सेवेला ते शोभणारं नाही.

येत्या दिवाळीत घरी जाताना कुणी आई-बाबांसाठी स्पीकर नेणार असेल, तर त्यांचं केंद्र कुठलं हे आधी विचारून घ्यावं. ते लावून, दोनदा बंद-चालू करून पाहावं. वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून द्यावं, लाल दिव्याचं बटण दाखवावं. नाव म्हणूनही केंद्र लागत नसेल, तर आकाशवाणीला पत्र लिहून तसं कळवावं. केसकरांच्या काळातल्या श्रोत्यांनी काटा फिरवून आपली मागणी सांगितली होती. आपल्याला ती लिहून आणि बोलून सांगावी लागेल, आणि शक्य तिथे मराठीतच.